शिकारवहीतील एक पान

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीसारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानाला उभे राहणाऱ्याकडून ग्रंथांच्या महतीविषयी चार मोठ्या गोष्टी ऐकावयास मिळाव्यात, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ते काम या मालेत माझ्यापूर्वी बोलून गेलेल्या विद्वान वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविलेला मनुष्य. माझ्यापाशी सांगण्यासारखे आहे ते एका प्रवासाचे आणि त्या प्रवासात हाती आलेल्या एका वहीचे. ही वही कोठे छापली गेली नाही, तिला लेखक म्हणावा असा कोणी नाही, आणि तिच्यातील मजकूर वाचून कोणाचे मन प्रसन्न होईल असेही नाही. तरीही ती वाचनालयात असावी असे मला वाटते. का वाटते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपण सीमेवरची माणसे आहोत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी सौंसर, पांढुर्णा, नागपूर, भंडारा हा सारा मुलूख मध्यप्रांत या एकाच छत्राखाली होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. पुढे २०२३ साली छिंदवाड्यातून सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके काढून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेऱ्या बदलतात, शिक्के बदलतात, दप्तरे गाड्यांत भरून दुसरीकडे जातात. अशा मुलखात जुन्या नोंदी टिकणे अवघड असते, हे येथील जमिनीचे खटले लढविणाऱ्यांना मी सांगावयास नको.

गोष्ट डिसेंबर १९८३ ची आहे. माझे मामा सौंसर तालुक्यातील एका खेड्याचे. घरची संत्र्याची बाग, विहिरीला बारमाही पाणी, आणि तरुणपणी शिकारीचा विलक्षण नाद. नागपूरला कॉलेजात असताना भंडारा जिल्ह्यातील एका मालगुजार घराण्यातील मुलगा त्यांच्या खोलीत राहत असे. त्या मैत्रीपोटी मामा वर्षानुवर्षे हिवाळ्यात तिकडे बदकांच्या शिकारीला जात. १९७२ साली वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यांचे जाणे थांबले. त्यानंतर अकरा वर्षांनी मित्राचे पत्र आले की, जुनी शिकारकोठी पाडून विकावयाची आहे, एकदा येऊन पाहून जा. मामांनी मला सोबत नेले. त्यांचे डोळे अधू झाले होते आणि एकट्याने प्रवास करण्याचा धीर त्यांना होत नव्हता.

सौंसरहून छोट्या गाडीने आम्ही नागपूरला पोहोचलो. ती छोटी गाडी आता इतिहासजमा झाली आहे. पुढे एस.टी.ने भंडारा, साकोली करीत कोहमाऱ्याच्या फाट्याला उतरलो आणि तेथून नवेगावबांधला गेलो. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला.

नवेगावचा तलाव प्रथम पाहणाऱ्याला तो माणसाने केला आहे हे खरे वाटत नाही. चहूकडे डोंगर आणि मध्ये दूरवर पसरलेले पाणी. डोंगरांच्या सात शिखरांना तेथील लोक सात बहिणी म्हणतात. परंपरा असे सांगते की, अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील नावाच्या कोहळी गृहस्थाने डोंगरांमधील खिंडी बांधांनी अडवून हा तलाव केला. त्याचे ठाणे तेथे कोलासूर या नावाने पूजिले जाते. ज्याने पाणी अडविले त्याला लोकांनी देव केले, हे मला फार बोलके वाटते. कोहळी समाजाने पूर्व विदर्भात असे हजारो तलाव बांधले. वरचा तलाव भरला की सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, तेथून बांध्यांत, धानाच्या शेतांत. तलावात ढीवर मासे धरीत, काठी गुरे पाणी पीत, गाळपेरात भाजी निघे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. आज त्यांना सरकारी कागदांत माजी मालगुजारी तलाव, आणि बोलण्यात मामा तलाव म्हणतात. माझ्या मामांना या नावाची मोठी गंमत वाटत असे.

अशा पाण्यावर हिवाळ्यात पाखरे उतरतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक ही उत्तरेकडून येणारी मंडळी. अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे घरचेच. पट्टकादंब नावाचा हंस तिबेट आणि मंगोलियाच्या पठारांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. त्याच्या पाठीवर लहानशी यंत्रे बांधून अलीकडे शास्त्रज्ञांनी मोजमाप केले, तेव्हा तो सात हजार मीटरहूनही अधिक उंचीवरून उडत असल्याचे आढळले. शाळेत मी हिमालयाला भारताची भिंत म्हणून शिकवीत असे. या पाखराने ते वाक्य मला पुढे दुरुस्त करावयास लावले.

नवेगावचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले होते. आम्हांला जावयाचे होते ते त्याच्या हद्दीबाहेरील एका खेड्यात, एका लहान तलावाच्या काठी. शिकारकोठी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर राजवाडा उभा राहतो. ही कोठी म्हणजे तीन खोल्यांचे कौलारू घर. भोवती रुंद पडवी, सागाचे खांब, बंदुका उभ्या करण्यासाठी भिंतीशी खाचा पाडलेली लाकडी घोडी. भिंतीवर सांबराच्या शिंगांच्या जोड्या होत्या, त्यांपैकी काही काढून नेल्यामुळे चुन्यावर पांढुरके डाग उरले होते. पडवीत बसले की तलावाचे पाणी दिसे. पहाटे धुके उचलू लागले की आधी आवाज ऐकू येत, मग पाखरे दिसत.

मालगुजार गृहस्थ आतिथ्यशील होते. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी भिंतीतील कपाट उघडून एक लाल कापडी बांधणीची लांबट वही काढली. मालगुजारीचा जमाखर्च लिहिण्याची जी वही असते, तीच. परंतु रकाने निराळे होते. तारीख, पाहुणे, बंदुका, काडतुसे, पक्षी आणि शेवटी शेरा. पहिली नोंद १९३१ च्या हिवाळ्यातील, शेवटची १९७२ ची. एकेचाळीस वर्षांच्या बहुतेक साऱ्या नोंदी एकाच दिवाणजींच्या हातच्या. आरंभी मोडी, पुढे बाळबोध. हे दिवाणजी स्वतः कधी बंदुकीला शिवले नव्हते, माळकरी होते. धन्याने सांगितले म्हणून ते लिहीत. पाहुणे तलावावरून परतले की पडवीत पाखरांची रास पडे, आणि दिवाणजी पाय न लागू देता कडेला बसून मोजीत.

ती वही वाचणे सुखाचे नव्हते. एका सकाळी पडलेल्या पाखरांचा आकडा कित्येकदा शंभराच्या वर गेलेला होता. त्यांत जखमी होऊन शेवाळात आणि लव्हाळ्यात बुडालेली धरलेली नव्हती. ती कोण मोजणार?

परंतु शेरा हा शेवटचा रकाना मी वाचू लागलो आणि मला झोप येईना. त्यात दिवाणजींनी कोणी न सांगता पुष्कळ काही लिहून ठेवले होते. तलावात पाणी बांधाच्या कोणत्या दगडापर्यंत आहे. धान कापणी उरकली की नाही. यंदा राजहंस कोणत्या तिथीला आले. राजहंस हा त्यांचा शब्द, पट्टकादंबासाठी. अमुक साली पाऊस ओढ देऊन गेला म्हणून पाखरे थांबली नाहीत. अमुक साली ढीवरांनी सिंगाडा लावला. एका माणसाने एकाच पडवीत बसून एकेचाळीस हिवाळे पाहिले होते आणि मोडक्या लेखणीने लिहून ठेवले होते. शिकाऱ्यांचा हिशेब ठेवता ठेवता त्याने तलावाचे चरित्र लिहिले होते.

येथे थोडे विषयांतर करून मी आपल्याला राजस्थानात भरतपूरला नेतो. तेथील केवलादेवचे पक्षी-उद्यान आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. मुळात ती भरतपूरच्या महाराजांची बदकांच्या शिकारीची जागा. पाण्याचे पाट आणि बांध घालून ती मुद्दाम तयार केलेली होती. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत तेथे पहिली मोठी शिकार झाली. केवलादेवाच्या देवळाजवळ या शिकारींचा तपशील कोरलेला शिलालेख आजही उभा आहे. कोणत्या दिवशी, कोणाच्या सन्मानार्थ, किती बंदुका, किती पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. तो दिवस पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा बेचाळिसावा वाढदिवस होता, हा एक विचित्र योगायोग.

अभिमानाने कोरलेला तो शिलालेख आता कोणी अभिमानाने वाचत नाही. तरीही तो कोणी फोडून टाकलेला नाही, हे योग्यच झाले. त्या दगडामुळे त्या पाण्यावर एके काळी किती पाखरे उतरत असली पाहिजेत, याचा अंदाज आपल्याला करता येतो. मारलेल्यांची यादी ही जिवंत असलेल्यांची एकमेव साक्ष होऊन बसते. स्वतः सालिम अलींच्या पक्षिप्रेमाचा आरंभही बालपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून झाला. ती कोणती चिमणी, हे विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांना पुढचा मार्ग सापडला. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीच्या पतनाचेच नाव दिले. त्यांनी ती गोष्ट लपविली नाही.

आता मामांकडे परत येतो.

दुसऱ्या रात्री मी वही चाळीत असताना मामांनी विचारले, "सदुसष्ट सालचं पान आलं का?" मी जानेवारी १९६७ चे पान काढले. पाहुण्यांच्या रकान्यात मामांचे नाव होते. पक्ष्यांच्या रकान्यात इतर पाखरांबरोबर तलवार बदके तीन. आणि शेऱ्यात दिवाणजींनी लिहिले होते: एकाच्या पायात कडी होती, पाहुण्यांनी ठेवून घेतली.

मामांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात किल्ल्यांबरोबर एक पातळशी ॲल्युमिनियमची कडी अडकविलेली होती. सोळा वर्षे ती त्यांच्या जुडग्यात होती आणि तिची कोठलीतरी शोभेची वस्तू एवढीच मला कल्पना होती. मी कंदिलाजवळ नेऊन पाहिली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आणि पुढे क्रमांक.

या कड्यांमागील हकीकत आपल्याला सांगितली पाहिजे. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडांचा आणि माणसांचा एक प्राणघातक ताप उद्भवला. त्याचे विषाणू गोचिडांमार्फत पसरतात. या गोचिडी दूरदेशीहून येणाऱ्या पाखरांच्या अंगावरून तर येत नाहीत ना, अशी शंका शास्त्रज्ञांना आली. त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीने पाखरे धरून, त्यांच्या पायांत क्रमांकाच्या कड्या घालून त्यांना पुन्हा सोडण्याचे मोठे काम आरंभिले. भरतपूर हे त्याचे एक मुख्य ठाणे. कडी घातलेले पाखरू दुसरीकडे कोठे सापडले आणि सापडलेल्याने पत्र टाकले, तर त्या पाखराच्या प्रवासाची दोन टोके जुळतात. पत्र टाकले नाही, तर कडी घालणाऱ्याचे सारे श्रम व्यर्थ. उपग्रह नव्हते, यंत्रे नव्हती. सारी भिस्त एका अनोळखी माणसाने खर्च केलेल्या पोस्टकार्डावर.

मामांनी ते पोस्टकार्ड टाकले नाही. मी कारण विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंदूक दुसऱ्याच्या परवान्यावरची होती बाबू. पत्र टाकलं असतं तर नाव लिहावं लागलं असतं. भेव वाटलं." पुढच्या वर्षी टाकू, त्याच्या पुढच्या वर्षी टाकू, असे करता करता भीती गेली आणि त्या जागी लाज आली. लाज भीतीपेक्षा चिवट असते. कडी मात्र त्यांनी फेकली नाही. जुडग्यात अडकविली.

आणि तेथेच घात झाला. ॲल्युमिनियम मऊ. सोळा वर्षे लोखंडी किल्ल्यांवर घासून कडीवरील क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पार पुसून गेले होते. मी भिंग लावून पाहिले, कोळसा घासून कागदावर ठसा घेतला. काही उमटेना. दिवाणजींच्या वहीत तारीख होती, तलावाचे नाव होते, पाखराची जात होती. कडी होती हेही होते. फक्त क्रमांक उतरवून घेतलेला नव्हता, कारण इंग्रजी आकडे त्या सत्पुरुषास वाचता येत नव्हते आणि वाचता येणाऱ्या पाहुण्याने कडी मुठीत धरलेली होती.

त्याच रात्री आम्ही पत्र लिहिले. मामांनी सांगितले, मी लिहिले. आपले पूर्ण नाव, गाव, तालुका त्यांनी घालावयास लावला. अर्धवट क्रमांक आणि तारीख कळविली. अशा क्रमांकाचा शोध लागत नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते, आणि तो लागलाही नाही. ते पाखरू कोठून निघाले होते, कोणी ते हातात धरले होते, कोणत्या पहाटे सोडले होते, हे आता कधीच कळणार नाही.

मी मामांना म्हणालो, "मामाजी, वही पूर्ण उतरवून घ्यावी म्हणतो. हे घर पडले की वहीही जाईल." ते म्हणाले, "घे. पण माझं पान राहू दे." मी बरे म्हटले. माझ्या मनातही त्यांची अब्रू राखावी असेच होते. दोन दिवस आणि दोन रात्री मी पडवीत बसून नक्कल करीत होतो. मोडी नोंदी मालगुजार गृहस्थ वाचून दाखवीत. निघण्याच्या सकाळी मामा तलावाकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते. अधू डोळ्यांना पाखरे दिसत नव्हती, आवाज ऐकत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "माझं पान गाळू नको बाबू. पाखरू मेलं ते मेलं. लिवलेलं तरी जितं राहू दे."

ते पान मी कोठीच्या पायरीवर बसून शेवटी उतरविले. माझ्या नक्कलवहीत ते शेवटी आहे, त्याच्या तारखेच्या क्रमाने नाही.

पुढे दोन वर्षांनी कोठी पाडली गेली. मूळ वही मालगुजारांनी घरी नेली होती. तिला वाळवी लागली आणि तिचा भुगा झाला, असे मला त्यांच्या मुलाकडून कळले. मामाही त्यानंतर फार काळ राहिले नाहीत.

श्रोतेहो, शिकाऱ्यांना दोष देऊन ही गोष्ट संपविणे सोपे आहे. १९७२ चा कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर चालणाऱ्या शिकारीचा मार्गही बंद झाला, तेव्हा पाखरे सुखी झाली असे म्हणून आपण घरी जाऊ शकतो. तसे झालेले नाही. भरतपूरचेच पाहा. १९८२ साली तेथील उद्यानात गुरे चारण्यास बंदी करण्यात आली. आसपासच्या गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसे प्राणास मुकली. गुरे बाहेर गेली की पाखरांचे भले होईल, असे जाणत्यांनाही वाटत होते. पुढे सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की म्हशी चरेनाशा झाल्यामुळे पाण्यात गवत माजले आणि कित्येक पाणपक्ष्यांना मोकळे पाणी उरले नाही. ज्या म्हशींना शत्रू मानले, त्याच तलाव राखीत होत्या. हा निष्कर्ष त्यांनी प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला. आपल्या चुकीचे पान त्यांनीही गाळले नाही. आणि त्याच भरतपूरला हिवाळ्यात येणारा पांढरा सायबेरियन क्रौंच २००२ नंतर दिसलेला नाही. वाटेवरच्या देशांत तो मारला गेला, त्याची पाणथळे आटली. एका ठिकाणचा आश्रय कितीही चांगला असला, तरी साऱ्या वाटेवरची माणसे शहाणी असल्याशिवाय पाखरू पोहोचत नाही.

नवेगावच्या मुलखातही तसेच. मालगुजारी गेल्यावर तलाव कोणाचे, हे कोणालाच कळेना. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली. अलीकडे भंडारा-गोंदियाकडील काही गावांत ढीवर स्त्रीपुरुषांनी बेशरम उपटून, तलावाचा तळ नांगरून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासे व पाखरे परतली. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर रुजते, हे ज्ञान त्यांच्यापाशीच होते. महाराष्ट्रात सारस क्रौंच आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि त्याचे शेजारी आपल्या मध्य प्रदेशातील बालाघाटात आहेत. धानाच्या बांधीत तो घरटे करतो. तो टिकला आहे तो शेतकऱ्याने घरटे राखले म्हणून.

त्याच जंगलात वनाधिकारी म्हणून राहून ज्यांनी ढीवरांकडून, गोंडांकडून, जुन्या शिकाऱ्यांकडून शब्द आणि खुणा टिपून घेतल्या, ते मारुती चितमपल्ली यांचे ग्रंथ आपल्या वाचनालयात आहेत. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. मराठीला त्यांनी जंगलाचा शब्दसंग्रह दिला. तो त्यांना कचेरीत मिळाला नव्हता. माझ्या दिवाणजींसारख्या, कोणी न विचारलेल्या माणसांपाशी तो होता, आणि त्यांनी तो विचारून घेतला.

आता आपल्या गावाविषयी थोडे बोलतो आणि थांबतो. आपल्याकडे कन्हान आहे, जाम आहे, गावोगावी लहान तळी आहेत. संत्र्याच्या बागांसाठी आपण विहिरी खोल करीत आलो आहोत. विहिरीला पाणी किती हातांवर लागले, तळ्यात हिवाळी पाखरे कधी उतरली, संत्र्याचा मृगबहर केव्हा फुटला, गार कोणत्या दिवशी पडली, हे येथील वृद्धांना तोंडपाठ आहे. लिहिलेले मात्र कोठे नाही. ते वृद्ध गेले की आकडे पुसले जातील, त्या कडीवरच्या आकड्यांसारखे.

म्हणून कार्यकारी मंडळाला माझी एक विनंती आहे. वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक कोरी वही ठेवावी. रकाने मी आखून देईन. तारीख, गाव, काय पाहिले, कोणी पाहिले. आणि शेवटी शेरा. वाचकांपैकी ज्याला जे दिसले ते त्याने लिहावे, चुकले तर दुसऱ्याने खाली लिहून दुरुस्त करावे, पण खोडू नये. तिला खर्च यावयाचा नाही. लागेल तो फक्त धीर, कारण पहिली दहा वर्षे तिच्यात काही विशेष आहे असे कोणालाच वाटणार नाही.

माझ्यासमोर या कापडात बांधलेली दोनशे पानांची वही आहे, ती त्या शिकारवहीची माझ्या हातची नक्कल. आज मी ती वाचनालयाच्या स्वाधीन करीत आहे. तिच्या शेवटच्या पानाला ती कडी दोऱ्याने बांधलेली आहे. ग्रंथपालांना विनंती की, दाखलनोंद करताना देणाराचे नाव माझे न घालता माझ्या मामांचे घालावे. पूर्ण नाव, गाव आणि तालुक्यासह. पत्रात त्यांनी ते तसेच घालावयास लावले होते.

घेतलेले पुस्तक उशिरा परत करणाऱ्या वाचकाकडून आपण दंड घेतो, पण पुस्तक परत आल्याचा आनंद आपल्याला होतोच. मामांचा दंड त्यांनी भरला आहे. हे त्यांचे पुस्तक, आपण जमा करून घ्यावे.